दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं डायलिसिस: ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा

पहाटवारा

नमस्कार. माझा मुलगा बावीस महिन्यांचा आहे. वजन साडेआठ किलो, उंची ७६ सेंमी. जन्मतःच त्याच्या मूत्रमार्गात पडदा होता, पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात तो. सहाव्या दिवशी दुर्बिणीतून पडदा काढला, पण माझ्या पोटात असतानाच लघवी तुंबून दोन्ही किडन्यांचं नुकसान झालं होतं. इतके दिवस औषधांवर निभावलं. गेल्या चार महिन्यांत मात्र वजनाचा काटा जागचा हललेला नाही. रोज सकाळी उलटी होते, दूध दिसलं की तोंड फिरवतो. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) ३.४ आलं आणि परवा डॉक्टरांनी डायलिसिसचा विषय काढला. पोटाचं डायलिसिस करू, रोज रात्री, घरीच, असं म्हणाले.

तिथे मला काहीच सुचलं नाही. घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. एवढ्याशा पोटात पाणी भरायचं, तर त्याला दुखेल का? रक्ताचं डायलिसिस जास्त चांगलं असं नणंद म्हणते, ते खरं का? माझी किडनी मी आजही द्यायला तयार आहे, मग आधी डायलिसिस कशाला? आणि सासूबाई विचारतात त्याचं उत्तर मला देता येत नाही: "अगं, हा दिवसाला आठ डायपर भिजवतो, मग किडनी बंद पडली कशी म्हणायची?"

---

दोरीचा_झुला

ताई, तुमचं वाचलं आणि आमचा तो दिवस जसाच्या तसा आठवला. आमची मुलगी चौदा महिन्यांची होती तेव्हा पोटाचं डायलिसिस सुरू केलं. तीन वर्षं घरी केलं. आता तिच्या आईची किडनी तिच्यात आहे आणि ती शाळेत जाते. घरातलं लिहितो, बाकीचं जाणकार सांगतील.

पोटाच्या आत आतड्यांवर एक पातळ पडदा असतो. तोच फिल्टरचं काम करतो. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवतात. त्या नळीतून साखर आणि क्षार घातलेलं निर्जंतुक पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग काढून टाकायचं. रक्तातली घाण आणि जादा पाणी पडद्यातून त्या पाण्यात उतरतं. भरणं, ठेवणं, काढणं ही झाली एक फेरी. रात्री सायकलर नावाचं छोटं मशीन दहा-अकरा तास या फेऱ्या आपोआप करतं आणि मूल झोपलेलं असतं.

किती पाणी, या भीतीने मीही गळालो होतो. हिशोब मुलाच्या आकारावर असतो. आमच्या मुलीला ऑपरेशननंतर किलोमागे १० मिलीपासून सुरुवात केली आणि हळूहळू वाढवत नेलं. सगळं बसल्यावर एका फेरीला २५० मिली. पोट भरून जेवल्यासारखं टम्म दिसायचं, एवढंच. भरताना ती कधी रडली नाही. काढताना शेवटचे थेंब ओढले जातात तेव्हा पहिले काही दिवस कण्हायची. त्यावर उपाय आहे, पुढे लिहीन.

आमची रात्र अशी असायची. सात वाजता खोलीचा पंखा बंद, खिडकी बंद, दार लोटलेलं. मोठ्या लेकाला आत मज्जाव. मी मास्क लावायचो, अंगठी-घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचो, स्वच्छ टॉवेलने कोरडे करायचो आणि मगच नळी जोडायचो. जोडणीच्या टोकाला बोट लागलं, तर ते टोक बाद. एकदा रात्री पावणेदहाला शंका आली की लागलं की नाही. मी नवीन सेट उघडला आणि सगळं पहिल्यापासून केलं. शंका आली की लागलंच असं धरायचं.

सकाळी निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवायची. पिशवीतून अक्षरं वाचता आली, तर ठीक. गढूळ दिसलं, तर ताप येण्याची वाट पाहायची नाही, लगेच फोन करायचा आणि तीच पिशवी घेऊन दवाखाना गाठायचा. पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असते. आम्हाला तीन वर्षांत दोनदा झाला. पहिल्या वेळी मी "थोडंसंच धुरकट आहे, संध्याकाळपर्यंत पाहू" म्हणालो. दुपारी दोनपर्यंत पोर पोट धरून ओरडत होती. त्या सहा तासांची चूक पूर्ण माझी. पोटातूनच अँटिबायोटिक देऊन बरी झाली.

आणखी एक सांगतो, कारण हे आम्हाला उशिरा कळलं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. शी साचली की आतडं नळीला दाबतं, पाणी बाहेर येत नाही, मशीन रात्रभर अलार्म देतं. आमच्या निम्म्या जागरणांचं कारण तेवढंच होतं.

---

तिसरी_पाळी

मी लहान मुलांच्या हिमोडायलिसिस, म्हणजे रक्ताच्या डायलिसिसच्या, युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे. "रक्ताचं जास्त चांगलं" याबद्दल लिहितो.

शरीरात रक्त साधारण किलोमागे ८० मिली असतं. तुमच्या बाळाचं एकूण रक्त धरा ६८० मिली. हिमोमध्ये रक्त नळ्यांतून फिल्टरमध्ये जाऊन परत येतं, म्हणजे काही रक्त सतत अंगाबाहेर असतं. मुलाच्या एकूण रक्ताच्या ८ ते १० टक्क्यांहून जास्त एका वेळी बाहेर असू नये, असा आमचा दंडक. तुमच्या बाळासाठी ही मर्यादा साठ-पासष्ट मिलीच्या आसपास येते. मोठ्यांच्या नळ्या आणि फिल्टर लावले तर दोनशे मिलीच्या आसपास रक्त बाहेर जाईल, बाळ कोसळेल. म्हणून लहान नळ्या, लहान फिल्टर, आणि तरी आकडा जास्त येत असेल तर नळ्या आधीच दात्याच्या रक्ताने भरून घ्याव्या लागतात. दर वेळी दुसऱ्याचं रक्त देणं पुढे ट्रान्सप्लांटच्या दृष्टीने बरं नाही.

दुसरी अडचण शिरेची. एवढ्या लहान हातात फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली, सुई टोचायची जागा) होत नाही, मानेच्या मोठ्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो. पुन्हा पुन्हा घातला की शीर अरुंद होते. या मुलांना आयुष्यभर शिरा पुरवायच्या असतात. आत्तापासून एक गोष्ट पाळा: रक्त काढायचं तर शक्यतो तळहाताच्या मागच्या बाजूने, कोपरातल्या आणि मनगटाजवळच्या शिरा राखून ठेवा. हक्काने सांगा, कुणी रागावलं तरी.

तिसरं म्हणजे पाणी. हिमोत दोन-तीन दिवसांचं साचलेलं पाणी तीन-चार तासांत ओढायचं असतं. एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांपलीकडे आम्ही सहसा जात नाही, आणि बाळाचा आहार म्हणजे बहुतांश दूधच, म्हणजे पाणीच. त्यामुळे एवढ्या लहान मुलांना आठवड्यातून तीनऐवजी चार-पाच वेळाही यावं लागतं. पोटाच्या पद्धतीत हेच काम रोज रात्री सावकाश होतं.

तरीही हिमो वाईट असं म्हणू नका. पोटावर आधी मोठी ऑपरेशन्स झाली असतील, पोटातला पडदा खराब झाला असेल, घरी करणारं कुणी नसेल किंवा नळी पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर हिमोच करावं लागतं आणि नीट होतं. माझ्याकडे सध्या नऊ किलोची एक मुलगी आहे. तिला बीपी उतरतंय हे सांगता येत नाही. पण ती आधी गप्प होते, मग जांभया द्यायला लागते. तिसरी जांभई आली की मी मॉनिटर बघण्याआधी पाणी ओढणं थांबवतो.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आमच्या शिक्षणात सगळी मशीन मोठ्यांसाठी बनवलेली आणि लहानांसाठी तडजोड केलेली असायची. २०१३ मध्ये इटलीत व्हिचेन्झा इथे किडनीतज्ज्ञ क्लाउडिओ रोंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन किलोच्याही आतल्या नवजात बाळावर खास तान्ह्यांसाठी बनवलेलं कार्पेडिएम नावाचं मशीन पहिल्यांदा वापरलं. डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी कृत्रिम किडनी माणसावर वापरायला सुरुवात केली १९४३ मध्ये. तिथून तान्ह्या बाळाच्या मापाचं मशीन यायला सत्तर वर्षं लागली.

---

साधी_पट्टी

मुलांच्या किडनीविकारांवर काम करणारी डॉक्टर आहे. तुमच्या बाळाचा निर्णय त्याचे डॉक्टरच घेतील, मी फक्त दोन प्रश्नांना सर्वसाधारण उत्तर देते.

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो निम्म्या घरांत विचारला जातो. किडनीला दोन मुख्य कामं असतात: पाणी बाहेर टाकणं आणि त्या पाण्यातून घाण बाहेर टाकणं. जन्मतःच बिघडलेल्या किडन्यांना लघवी घट्ट करता येत नाही. त्या मीठ-पाणी धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून डायपर भरपूर भिजतात. पण त्या लघवीतून युरिया, पोटॅशियम, आम्ल पुरेसं निघत नाही. साचलेल्या युरियामुळे उलट्या होतात, भूक मरते, वाढ थांबते. सासूबाईंना असं सांगा: चाळणीची भोकं मोठी झाली की पाणी भरभर गळतं, पण गाळायचं ते गाळलं जात नाही.

याचा एक उलटा परिणाम लक्षात ठेवा. मोठ्यांच्या डायलिसिसमध्ये "पाणी कमी, मीठ बंद" हे सरसकट ऐकाल. भरपूर लघवी होणाऱ्या बाळाला ते पथ्य लावलं, तर तो सुकतो. अशा काही बाळांना आम्ही वरून मीठ देतो. पोटाच्या डायलिसिसच्या पाण्यातूनही सोडियम जातं. तुमच्या बाळाला किती, हे त्याच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

किडनी आत्ताच का नाही? मोठ्या माणसाची किडनी बाळाच्या पोटात मावते, बसवतातही. पण तिला रक्त पुरवायला बाळाचं हृदय आणि शिरा तेवढ्या हव्यात. म्हणून बहुतेक ठिकाणी साधारण दहा किलो वजनाची वाट पाहतात. शिवाय मूत्रमार्गातल्या पडद्याच्या आजारात मूत्राशयही जाड आणि कडक झालेलं असू शकतं. त्याची तपासणी आधी व्हायला हवी, नाहीतर नवी किडनीही तुंबेल. आणि गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत. त्या आधीच पूर्ण करायच्या असतात. तेव्हा हा वाट पाहण्याचा काळ वाया जात नाही. डायलिसिसवर त्याला दहा किलोंपर्यंत वाढवणं हेच आत्ताचं काम आहे.

---

पिंपळपान

मध्येच विचारतो, माफ करा. माझी भाची तीन वर्षांची आहे. लघवीतल्या संसर्गासाठी तपासण्या केल्या. क्रिएटिनिन १.० आलं. रिपोर्टवर पुढे "०.६ ते १.२ सामान्य" छापलंय, त्यामुळे बहीण निश्चिंत आहे. इथलं वाचून मला काळजी वाटायला लागली.

---

साधी_पट्टी

@पिंपळपान, बरं झालं विचारलंत. तो छापलेला पट्टा मोठ्या माणसांचा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि तीन वर्षांच्या मुलीचे स्नायू ते किती! या वयात ०.२ ते ०.५ अपेक्षित असतं.

किडनी किती गाळते याचा ढोबळ हिशोब असा: उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. भाचीची उंची ९० धरली तर उत्तर ३७ येतं. निरोगी किडनीचं ९० च्या वर असतं. म्हणजे काम निम्म्याहून खाली असण्याची शक्यता आहे. रिपोर्ट चुकलेला असू शकतो, आजारपणात तात्पुरतं वाढलेलंही असू शकतं, पण या आठवड्यात मुलांच्या किडनीतज्ज्ञांना दाखवा. तोवर तापाला पॅरासिटामॉलशिवाय काही देऊ नका, विशेषतः आयबुप्रोफेन नको.

पहाटवारा, तुमच्या बाळाचं याच हिशोबाने ९ येतं. शिवाय तो वाढत नाही आणि उलट्या करतो. आम्ही नुसत्या आकड्यावर डायलिसिस सुरू करत नाही, पण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थांबण्यात अर्थ नसतो.

---

काकांचा_पुतण्या

आमच्या काकांचं डायलिसिस चार वर्षं चाललं होतं. त्यांना सुरू होण्याआधी प्रथिनं एकदम कमी करायला सांगितली होती आणि त्याने डायलिसिस पुढे ढकललं गेलं. बाळाला दूध कमी करून पाहिलंत का? युरिया प्रथिनांमधूनच होतो ना.

---

ताटवाटी

@काकांचा_पुतण्या, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया हे कुणी करू नका. मी मुलांच्या किडनी विभागात आहारतज्ज्ञ आहे.

काकांना वाढायचं नव्हतं. बाळाला वाढायचं आहे. पहिल्या दोन वर्षांत उंची मुख्यतः आहारावर वाढते आणि मेंदूही याच काळात झपाट्याने वाढतो. प्रथिनं तोडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, त्यातूनही युरियाच तयार होतो. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर रोज रात्री पाण्यातून प्रथिनं निघून जातात, म्हणून या बाळांना निरोगी बाळापेक्षा थोडी जास्तच लागतात. डायलिसिसच्या पाण्यातली साखर अंगात शोषली जाते, त्या उष्मांकांचाही आम्ही हिशोब धरतो.

पहाटवारा, आता तुमच्याशी. तो खात नाही म्हणून तुम्ही वाटी-चमचा घेऊन त्याच्या मागे फिरत असणार. या मुलांना खरंच भूक नसते, चव बदललेली असते, पोट सावकाश रिकामं होतं. तो हट्ट करत नाही आणि तुम्ही कमी पडत नाही. डॉक्टरांनी नाकातून किंवा पोटातून खाऊ घालायची नळी सुचवली, तर "एवढी वेळ आली का" असं मनात आणू नका. ज्या घरांनी नळी वेळेवर घेतली, त्या घरातलं जेवणाच्या वेळचं रडणं थांबलेलं मी पाहिलं आहे. रात्री नळीने उष्मांक जातात, दिवसा तोंडाने जेवढं आवडेल तेवढं चाटू द्या, चघळू द्या. तोंडाची सवय मोडू देऊ नका, नाहीतर किडनी मिळाल्यावर खायला शिकवताना वर्ष जातं. पोटातून नळी घालायची असेल, तर ती डायलिसिसच्या नळीच्या आधी किंवा तिच्यासोबतच बसवलेली बरी. नंतर बसवली तर संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून हे आत्ताच विचारून घ्या.

फॉस्फेट (किडनी बिघडली की रक्तात साचणारा क्षार) बांधणारं औषध खाण्यासोबतच द्यायचं असतं, रिकाम्या पोटी दिलं तर फुकट. पाकिटबंद पदार्थांत फॉस्फेट मिसळलेलं असतं, ते टाळा. पोटॅशियमचं पथ्य रिपोर्ट पाहून ठरतं. सरसकट सगळी फळं बंद करू नका.

---

उजवा_हात

मी आता सत्तावीस वर्षांची आहे. नऊ वर्षांची असताना किडन्या गेल्या आणि पावणेतीन वर्षं हिमोवर होते. डाव्या हातात फिस्टुला आहे, सगळी मदार उजव्यावर, म्हणून हे नाव. सगळे आईबाबांच्या बाजूने लिहितायत, म्हणून मी मुलाच्या बाजूने लिहिते.

पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, "फक्त रक्त तपासायचंय, पाच मिनिटं." मी शुद्धीवर आले तेव्हा मानेतून नळी लोंबत होती. नळीचं दुखणं मी विसरले. पाच मिनिटांचं खोटं विसरले नाही. नंतर कितीतरी महिने आई "आज सुई नाही" म्हणाली तरी मी तिच्या पर्समध्ये हात घालून दवाखान्याची फाईल आहे का ते बघायचे.

तुमचा मुलगा दोन वर्षांचाही नाही, त्याला शब्द कळणार नाहीत असं वाटेल. पण तुमचा चेहरा कळतो. दुखणार असेल तर "दुखेल, मी इथेच आहे" म्हणा. बाहुलीच्या पोटाला नळी चिकटवून द्या, त्याला ती जोडू दे, काढू दे. आमच्या युनिटमधल्या एका सिस्टरने मला फिस्टुल्याला कान लावून आतली घरघर ऐकायला शिकवलं होतं. "रोज ऐकायची, थांबली की मला सांगायचं, हे तुझं काम." त्या दिवसापासून तो हात माझा झाला. सुई टोचण्याआधी तासभर बधिर करणारं मलम लावायचं, हेसुद्धा मीच आठवण करून द्यायचे.

तहान मात्र अजून आठवते. माझी लघवी पूर्ण बंद होती, दिवसाला मोजून पाणी. मी दात घासताना चोरून प्यायचे. घरच्यांनी रागावण्याऐवजी माझं दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून माझ्या हातात दिलं, "तू ठरव कधी प्यायचं." चोरी त्या दिवशी बंद झाली.

आणि ताई, तुमच्या नणंदेला किंवा सासूबाईंना मशीन जोडायला शिकवा. माझ्या आईने तीन वर्षं सगळं एकटीने ओढलं. मला किडनी मिळाल्यावर दोन महिन्यांनी ती आजारी पडली आणि बरी व्हायला तिला वर्ष लागलं.

---

पहाटवारा

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना चाळणीचं उदाहरण वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मला हात धुवायचं शिकव."

ऑपरेशन झालं. दोन्ही नळ्या एकदमच बसवल्या. डायलिसिसच्या नळीचं तोंड डायपरच्या रेषेच्या वर, खाली वळलेलं ठेवलंय. जखम नीट भरावी म्हणून दोन आठवडे थांबून मग कमी पाण्याने सुरुवात केली. प्रशिक्षण मी आणि सासूबाई दोघींनी घेतलं. काल घरी पहिली रात्र झाली. मशीनपेक्षा मीच जास्त वेळा उठले. पाणी निघताना शेवटी तो पाय पोटाशी घेऊन रडतो. दोरीचा_झुला, तुम्ही उपाय आहे म्हणाला होतात.

---

दोरीचा_झुला

हो, राहूनच गेलं. डॉक्टरांना टायडल पद्धतीबद्दल विचारा. त्यात दर फेरीला पोट पूर्ण रिकामं करत नाहीत, तळाशी थोडं पाणी राहू देतात. नळीचं टोक पोटाच्या आतल्या बाजूला ओढलं जात नाही आणि कळ येत नाही. आमची तिसऱ्या रात्रीपासून गाढ झोपायला लागली. सेटिंग मात्र त्यांनाच बदलू द्या.

---

पहाटवारा

बदललं. काल रडला नाही.

पाच आठवडे झाले. सकाळची उलटी आठवड्यातून एखाद-दुसरी राहिलीय. पिशवीतून रोज अक्षरं वाचते. आता नवीन शंका. वजन ८.५ वरून ८.९ झालंय. वहीत त्याचं ड्राय वेट (जादा पाणी नसतानाचं वजन) ८.५ लिहिलंय, म्हणजे चारशे ग्रॅम पाणी साचलं का? रात्रीसाठी जास्त साखरेची, जास्त पाणी ओढणारी पिशवी लावू का?

---

तिसरी_पाळी

स्वतःहून लावू नका! आधी फोन करा. मोठ्यांचं ड्राय वेट महिनोन्महिने तेच राहतं, वाढत्या बाळाचं राहत नाही. हे चारशे ग्रॅम मांस असेल आणि तुम्ही पाणी समजून ओढलंत, तर बीपी उतरेल, बाळ मलूल होईल. आणि पाणी असेल तर पापण्या सुजलेल्या दिसतील, बीपी चढलेलं असेल, झोपल्यावर श्वास जोरात चालेल. आज बीपी किती आहे? डोळे सकाळी कसे दिसतात?

---

पहाटवारा

बीपी नेहमीसारखंच. डोळे स्वच्छ. दुपारी दाखवून आणलं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, दंडाचा घेर मोजला. घेर वाढलाय. वहीत ८.५ खोडून ८.९ लिहिलं, खाली सही केली. दर पंधरा दिवसांनी हा आकडा नव्याने ठरवायचा असं सांगितलंय.

सासूबाईंनी आज मशीन एकटीने जोडलं. मी दाराबाहेर उभी होते.